रात्रभर जागणाऱ्याचे कौतुक पुरे

आमच्या साखऱ्यात ‘पोरगा बँकेत आहे’ म्हटले की डोळ्यांसमोर पीककर्जाची रांग, शिक्के मारणारा कॅशियर आणि दुपारची जेवणाची सुट्टी येते. आता मात्र शिकलेली काही मुले मुंबई-पुण्याच्या अशा बँकांत लागत आहेत, जिथे कोणी पासबुक घेऊन जात नाही. त्यांना इन्व्हेस्टमेंट बँक म्हणतात. कंपन्यांचे शेअर बाजारात आणायचे, एक कंपनी दुसरीला विकून द्यायची, त्यासाठी लागणारे हिशेब आणि कागद तयार करायचे, हा त्यांचा धंदा. पगार असा की बापाने हळदीच्या दोन हंगामांत तेवढा पैसा एकत्र पाहिलेला नसतो.

आरोग्याच्या सदरात बँक कशाला, असे वाचकांना वाटेल. सणासुदीला ही मुले गावी आली की त्यांतला एखादा माझ्या दवाखान्यात येतो. वय सव्वीस-सत्तावीस, रक्तदाब १५०-१००, खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या, झोप चार-पाच तास. सोबतचे वडील अभिमानाने सांगतात, ‘डॉक्टरसाहेब, साहेबाचा याच्यावर लई भरवसा. रात्री तीनला बी फोन येतो.’ मुलगाही हसतो. मला रोगाचे मूळ त्या हसण्यात दिसते. कामाचा ताण आहेच, पण त्याहून मोठा ताण या कौतुकाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या बँकांचे धनी बहुधा अमेरिकेत किंवा लंडनला. न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात, थंडीत आठ. म्हणजे आपली निजायची वेळ ती त्यांची ऐन कामाची. पण तिकडच्या मुलांचे तरी कुठे बरे आहे? २०२१ साली गोल्डमन सॅक्स या नामांकित बँकेतल्या १३ नवख्या कर्मचाऱ्यांनी आपसात पाहणी केली. आठवड्याला सरासरी ९५ तास काम आणि रात्री सुमारे पाच तास झोप, असे त्यांनी लिहिले. लंडनच्या बँकांतील उमेदवारांनी तर आपल्या दिनक्रमाला ‘जादूचे रिंगण’ असे नाव दिले होते. पहाटे टॅक्सी घरी सोडते, आंघोळ होईपर्यंत दारात थांबते आणि पुन्हा कचेरीत आणून टाकते. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या बँक ऑफ अमेरिका मेरिल लिंचमध्ये उमेदवारी करणारा २१ वर्षांचा जर्मन विद्यार्थी न्हाणीघरात मृतावस्थेत सापडला. मृत्यू अपस्माराच्या झटक्याने झाला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. थकव्याने झटका आला असणे शक्य आहे, पण तसे सिद्ध झाले नाही. अपस्माराच्या रुग्णाला जागरण वर्ज्य, हे मात्र आम्ही डॉक्टर पूर्वीपासून सांगत आलो आहोत.

फार लांब जायला नको. २०२४ च्या जुलैत पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण कंपनीतली २६ वर्षांची सनदी लेखापाल नोकरीला लागून चार महिने होतात न होतात तोच गेली. आईने पत्र लिहून कामाच्या ओझ्याला दोष दिला. कंपनीने तो मान्य केला नाही. तो वाद बाजूला ठेवू. त्या पत्रातली दुसरी एक तक्रार मला जास्त लागली. लेकीच्या अंत्यविधीला कचेरीतले कोणीही आले नाही, असे त्या माउलीने लिहिले होते.

सहकारी म्हणजे काय, हा प्रश्न इथे येतो. माझ्या इंटर्नशिपच्या काळात आमचा एक वरिष्ठ सलग तीन रात्री जागल्याचे मिरवायचा आणि आम्ही पोरे त्याला हिरो समजायचो. त्याच वॉर्डात एक प्रौढ सिस्टर होत्या. रात्री दोनला त्या दटावत, ‘डॉक्टर, तासभर पडून घ्या. पेशंट आला की मी उठवते.’ आणि खरोखर उठवत. इतक्या वर्षांनी आठवतात त्या सिस्टरच.

सिस्टरांचे शहाणपण शास्त्रालाही धरून होते. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाचे लक्ष आणि चपळाई १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलीग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी उतरते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्याकडे ३० मिलीग्रॅमच्या वर गेलेल्या वाहनचालकावर गुन्हा दाखल होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो.

कोणी म्हणेल, आमचा शेतकरीही रात्री लाइट आली की पाणी द्यायला जातोच. जातो, नाइलाजाने जातो. पण त्याबद्दल कोणी त्याचा सत्कार करत नाही आणि तोही फुशारकी मारत नाही.

मुलाने नोकरी सोडावी, असे मी कोणालाच सांगत नाही. घराचे कर्ज फिटते, बहिणीचे शिक्षण होते, हे मला दिसते. पण छातीत धडधड, रोजची डोकेदुखी, सुट्टीतही झोप न लागणे, यांपैकी काहीही असले तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, मग वय पंचविशीचे का असेना. धडधडीसोबत चक्कर आली किंवा छातीत दुखले तर सुट्टीची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कचेरीत शेजारचा उशिरापर्यंत थांबला असेल तर त्याला ‘घरी जा’ म्हणावे. आणि आईवडिलांनी, मुलगा गावी आला की पहिले दोन दिवस त्याला पाहुण्यांकडे मिरवू नये. दार लोटून घ्यावे आणि त्याला झोपू द्यावे.