देवमाशाचा दात ओळखायचा कसा?

रायगडच्या किनाऱ्यावर काळ्या कातळातला पांढरा, टोकदार तुकडा दाखवून 'हा देवमाशाचा दात ना?' असे विचारणारे मला अनेकदा भेटतात. उत्तर थोडे हिरमोड करणारे आहे. आपला कातळ लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. देवमाशांचे पूर्वज पाण्यात उतरले ते पाचेक कोटी वर्षांपूर्वी. तो तुकडा बहुधा गारगोटीचा किंवा तसल्याच खनिजाचा स्फटिक असतो. जीवाश्मच हवा तर कच्छ गाठावे. तिथल्या सागरी खडकांतून अशोक साहनी व व्ही. पी. मिश्रा यांनी १९७५ मध्ये 'इंडोसिटस' हा आद्य देवमासा जगापुढे आणला.

पण दात ओळखताना भलेभले चकले आहेत. अमेरिकेत सापडलेल्या प्रचंड हाडांना १८३४ मध्ये रिचर्ड हार्लन यांनी 'बॅसिलोसॉरस', म्हणजे सरड्यांचा राजा, असे नाव दिले. पाच वर्षांनी रिचर्ड ओवेन यांनी दाढांची दुहेरी मुळे पाहिली आणि प्राणी सस्तन ठरवला. (नाव मात्र नियमाने तेच राहिले!) फ्रान्समधल्या स्क्वालोडॉन या दंतधारी देवमाशाचा जबडाही १८४० मध्ये आधी सरपटणाऱ्या प्राण्याचाच वाटला होता. त्याच्या दाढा त्रिकोणी, करवतीसारख्या काठांच्या, थेट मुशीच्या दातांची आठवण करून देणाऱ्या. फरक मुळाशी. मुशीचा दात हाडाच्या खोबणीत बसलेला नसतो, देवमाशाचा असतो. आजच्या डॉल्फिनचे दात मात्र एकेरी मुळाचे, सगळे सारखेच.

हे नुसत्या चित्रांवरून उमगत नाही. जीवाश्माशेजारी ठेवायला नक्की ओळखीचा दात हाताशी लागतो, आणि तो तर समुद्र आपल्या दारात आणून टाकतो. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला लागलेला निळा देवमासा बिनदातांचा होता, हे खरे. पण मेलेले डॉल्फिन कोकणात किनाऱ्याला लागतच असतात आणि आपण दुर्गंधी नको म्हणून खड्डा खणून मोकळे होतो. 'देवमाशाच्या उलटी'चा भाव मात्र शाळकरी पोरालाही तोंडपाठ!

दात घरी नेणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असावाच. पण वनखात्याने कवटी व जबडा राखून, तारीख, गाव आणि लांबीच्या नोंदीसह जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाला द्यायला काय हरकत आहे? खर्चही फारसा नाही. वाळूत पुरलेल्या कवटीवरचे मांस काही काळाने आपोआप झडते. खड्डा तर खणायचाच असतो. त्यावर खूण ठेवायची आणि तो पुन्हा उघडायचा, एवढेच.