‘दोष नाही’ की ‘दोष सापडला नाही’?



गॅरेजमधल्या एका वाक्यावर माझा आक्षेप आहे. “काकू, गाडीत काहीच प्रॉब्लेम नाही.”

आमची पेट्रोल गाडी गावात छान चालते. पण जोतिबाचा घाट चढून वर लावली, दर्शन घेऊन आलो, की कधीकधी सुरूच होत नाही. अर्ध्या तासाने मुकाट सुरू होते. तीनदा गॅरेजला नेली. तिन्ही वेळा त्यांनी सकाळी, गार इंजिनावर पाहिली. आधी “काही नाही”, मग “बॅटरी बदला” आणि शेवटी “साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो”. बॅटरी बदलली, दोष तिथेच.

मी बी.कॉम. आहे. ऑडिटर ‘घोटाळा नाहीच’ असं लिहून देत नाही. जे तपासलं त्यावरून मत देतो. गार गाडी पाच मिनिटं ऐकून ‘दोष नाही’ म्हणणं ही व्हाउचर न बघता ताळेबंदावर केलेली सही आहे. आपला अनेकांतही हेच शिकवतो. द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव पाहून बोलावं. गार इंजिनात दोष नाही, तापलेल्यात आहे, दोन्ही खरं. ‘नाहीच’ म्हणणं हा एकांत.

मेकॅनिक म्हणतील, दिसल्याशिवाय दोष धरायचा कसा? मान्य. मग ‘सापडला नाही’ म्हणा, आणि अंदाजाने पार्ट बदलून आमच्या पैशांवर प्रयोग करू नका. चढ चढून इंजिन बंद केलं की बॉनेटखालची उष्णता काही वेळ आणखी वाढते. एखादा सेन्सर तापल्यावर सिग्नल देत नाही, गार झाल्यावर देतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये अनेकदा त्याचा कोड राहतो. बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांत तो पुसला जातो. म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली पुरावाच गेला! आधी कोड वाचा, मग पान्याला हात लावा.

आपण काय करायचं? किराण्याच्या हिशेबासारखी गाडीची वही ठेवायची. तारीख, जागा, किती अंतर चालली, पेट्रोल किती होतं, कोणता दिवा लागला, किती वेळाने सुरू झाली. मोबाईलवर व्हिडिओ घ्यायचा. मेकॅनिकला शेजारी बसवून घाट चढायला लावायचा. खर्चाचा अंदाज आधी लेखी आणि काढलेला पार्ट परत मागायचा. बिल न देणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. दाद मिळाली नाही तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

उद्या सून लेकराला घेऊन अंधारात घाटात अडकली, तर ‘काहीच प्रॉब्लेम नाही’ म्हणणारा तिथे नसेल. म्हणून साहेबांना पाठवू नका. वही घेऊन स्वतः जा.