पुरावा कुणी द्यायचा?

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात साउथ वॉर्नबरो नावाचं छोटं खेडं आहे. तिथल्या किराणा दुकानातच पोस्टाचा काउंटर होता आणि तो जो हॅमिल्टन नावाच्या बाई सांभाळत. एका संध्याकाळी हिशेब मिटवताना काउंटरवरच्या संगणकाने दोन हजार पौंडांची तूट दाखवली. बाईंनी पोस्टाच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. पलीकडून सांगतील ती बटणं त्या दाबत गेल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दोन हजारांचे चार हजार झाले. गल्ल्यातून एक पैसाही गेला नव्हता. पण करारात लिहिलेलं होतं की तूट आली तर ती पोस्टमास्तराने भरायची. बाई भरत राहिल्या, घरावर कर्ज काढलं, आणि तूट तरी वाढतच गेली. शेवटी आरोप ३६ हजार पौंडांचा झाला. तुरुंग टळावा म्हणून त्यांनी खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. २००८ मध्ये शिक्षा सुनावली गेली त्या दिवशी गावातली माणसं कोर्टात येऊन बसली होती. पैसे भरण्यासाठी गावाने वर्गणीही काढली. ज्या बाईला ते रोज काउंटरवर पाहत होते ती चोर नाही, हे गावाला ठाऊक होतं. सरकारी संगणकाला ते ठाऊक नव्हतं.

यंदाच्या अंकाच्या सुरुवातीलाच सातासमुद्रापलीकडची ही गोष्ट सांगण्याला कारण आहे. जगभरात धोरणांवरून रणं माजतात. सरकारने किती द्यावं, कुणाला द्यावं, कर किती घ्यावा, यावर निवडणुका लढल्या जातात, सरकारं पडतात. गेल्या पंचवीस वर्षांत तीन सधन लोकशाही देशांत जे घडलं, त्याने या सगळ्याच्या बुडाशी असलेला एक प्रश्न वर आणला. राज्यसंस्था नागरिकावर लबाडीचा आळ घेते तेव्हा पुरावा कुणी द्यायचा?

ब्रिटनच्या पोस्टाने १९९९ पासून देशभरच्या काउंटरांवर ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली बसवली. ती पुढे फुजित्सू कंपनीकडे आली. तिच्यात दोष होते. १९९९ ते २०१५ या काळात तिच्या आकड्यांवर विसंबून नऊशेहून अधिक पोस्टमास्तरांवर चोरीचे, अफरातफरीचे, खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. त्यांतले बहुसंख्य खुद्द पोस्टानेच भरले. म्हणजे ज्याची तक्रार तोच तपासनीस आणि तोच फिर्यादी. मदत मागायला फोन करणाऱ्या कित्येकांना उत्तर मिळे की अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच. माणसाला मोडायला एवढं एक वाक्य पुरतं. आपलंच चुकत असेल, घरातल्याच कुणी हात मारला असेल, असं त्यातल्या अनेकांना वाटू लागलं.

वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा भारतीय वंशाच्या. ७४ हजार पौंडांच्या चोरीच्या आरोपावरून त्यांना २०१० मध्ये तुरुंगात पाठवलं, तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांच्या थोरल्या मुलाचा दहावा वाढदिवस त्याच दिवशी होता. खटल्यांना सामोरे गेलेल्यांत दक्षिण आशियाई कुटुंबांतले दुकानदार बरेच होते. आरोपींची वांशिक वर्गवारी करणारी, आज वाचतानाही संताप यावा अशा शब्दांतली तपासनिसांची कागदपत्रं २०२३ मध्ये माहिती अधिकारातल्या अर्जामुळेच बाहेर आली.

वेल्समधल्या लँडुडनो गावाजवळचे ॲलन बेट्स हे या लढ्याचं नाव. चुकीच्या हिशेबाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली नाही, म्हणून २००३ मध्ये त्यांचा करार संपवला गेला. एकटे समजले गेलेले लोक त्यांनी हुडकून काढले. २००९ मध्ये वॉरिकशायरमधल्या एका खेड्याच्या सभागृहात ते पहिल्यांदा एकत्र बसले. ५५५ जणांनी मिळून दावा लावला. न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांनी २०१९ मध्ये होरायझन भरवशाचं नव्हतं, असा निकाल दिला. तडजोडीचे सुमारे पावणेसहा कोटी पौंड मिळाले, पण खटल्याचा खर्च वजा जाता लोकांच्या हाती जेमतेम १ कोटी २० लाख उरले. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. तरीही देश खडबडून जागा झाला तो जानेवारी २०२४ मध्ये, दूरचित्रवाणीवर ही कहाणी मालिकेच्या रूपात आली तेव्हा. त्याच वर्षी मे महिन्यात संसदेने कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा सरसकट पुसल्या. सर विन विल्यम्स यांच्या चौकशी अहवालाचा पहिला भाग २०२५ च्या जुलैत आला. निदान तेरा आत्महत्यांचा संबंध या प्रकरणाशी असू शकतो, असं त्यात नोंदवलं आहे. या तेरा जणांना कुठल्याही कायद्याने न्याय देता येणार नाही.

हे इतकी वर्षं चाललं कसं? इंग्लंडच्या कायद्यात पूर्वी अशी अट होती की संगणकातली नोंद पुरावा म्हणून आणायची तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही अट जाचक ठरवून काढली गेली आणि उलट दुसऱ्या बाजूने काही दाखवेपर्यंत संगणक बरोबरच आहे असं गृहीत धरलं जाऊ लागलं. आता खेड्यातल्या दुकानदाराने एका बलाढ्य कंपनीच्या प्रणालीतला दोष शोधायचा कसा? आतल्या नोंदी तर तिच्याच ताब्यात. मागितल्या तरी मिळत नव्हत्या.

नेदरलँड्समध्ये नोकरदार आईबापांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार अनुदान देतं. २०१९ पर्यंतच्या दहा-पंधरा वर्षांत तिथल्या करखात्याने हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा शिक्का मारला. एखादी सही राहिली, स्वतःच्या हिश्शाची थोडी रक्कम भरल्याची पावती नाही, एवढ्यावरून वर्षभराचं सगळं अनुदान परत मागितलं जाई. कुणाला दहा हजार युरो, कुणाला त्याच्या कितीतरी पट. संशयित निवडणाऱ्या संगणकीय प्रारूपात डच नागरिकत्व नसणं हा जोखमीचा एक निकष होता. घरं गेली, संसार मोडले. या कुटुंबांतली हजाराहून अधिक मुलं सरकारने आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवली. संसदीय समितीच्या अहवालानंतर जानेवारी २०२१ मध्ये मार्क रुटे यांच्या सरकारने राजीनामा दिला. दोन महिन्यांनी निवडणूक झाली आणि पंतप्रधानपदी पुन्हा रुटेच आले. मुलं मात्र सगळी घरी परतली नाहीत.

ऑस्ट्रेलियाची चूक तर शाळकरी गणिताची. बेकारभत्ता घेणाऱ्याने दर पंधरवड्याची कमाई कळवायची असते. २०१५ पासून तिथल्या खात्याने करविभागाकडून वर्षाचा पगार घेतला, त्याला २६ ने भागलं आणि प्रत्येक पंधरवड्याला तेवढीच कमाई होती असं धरून चाललं. ज्याने तीन महिने राबून पुढचे नऊ महिने काम नसताना रीतसर भत्ता घेतला, तो या भागाकारात लबाड ठरला. चार लाखांहून अधिक माणसांच्या नावावर मिळून सुमारे पावणेदोन अब्ज डॉलरची बेकायदा देणी चढली. आकडा चुकीचा आहे म्हणता? मग पाच वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणा. कॅथरीन होम्स यांच्या आयोगाने २०२३ मध्ये ही योजना अन्याय्य आणि बेकायदा असल्याचं लिहिलं. ज्यांची तरुण मुलं या नोटिसांच्या काळात जिवानिशी गेली, त्या आयांनीही आयोगासमोर साक्ष दिली होती.

या तीन देशांत मिळून उजवे, डावे, मधले सगळे सत्तेवर येऊन गेले. कुणालाही हे वेळेत थांबवावंसं वाटलं नाही, कारण ‘फुकट्यांना आळा’ या घोषणेला टाळ्या सगळीकडे मिळतात. लबाडी होत नाही असं आम्ही म्हणत नाही. बोगस शिधापत्रिका, मेलेल्यांच्या नावावरचं निवृत्तिवेतन, हे महाराष्ट्राने भरपूर पाहिलं आहे आणि तो पैसा गरिबाच्याच ताटातला असतो. पण चोर सोडून संन्याशाला सुळी देऊन तो पैसा परत येत नाही. खरा लबाड कागदपत्रं चोख ठेवतो. पावती हरवते ती साध्या माणसाची.

आपल्याकडे हे वारं केव्हाच आलेलं आहे. शेजारच्या तेलंगणात संगणकीय छाननीतून रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची घरोघर जाऊन पडताळणी करा, असं सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं. आपल्या रेशन दुकानांतल्या ओट्यावर पॉस मशीनपुढे म्हातारी माणसं एकामागून एक बोटं टेकवताना दिसतात. आधी अंगठा, मग तर्जनी, मग बोट पदराला पुसून पुन्हा अंगठा. जन्मभर खुरपं आणि कोयता धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. दुकानदार म्हणतो, ‘थम घेत नाही, मावशी, उद्या या.’ पर्यायी सोय नियमात आहे. ती मावशीला सांगतं कोण? लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला, तेव्हा ज्यांना दोघंही उरले नाहीत त्या बायकांनी काय करायचं, हा प्रश्न गावोगाव उभा राहिला. ज्यांनी तो अर्ज बनवला त्यांच्या डोळ्यांपुढे एकटी बाई आलीच नव्हती.

आमचं मागणं मोठं नाही. यंत्राने शंका जरूर घ्यावी, पण नाव कापण्याआधी कुणीतरी जबाबदार माणसाने दारात यावं, विचारावं, आणि काय ठरवलं ते सही करून लिहून द्यावं. दोष सिद्ध होईपर्यंत धान्य आणि पैसे चालू राहावेत. प्रणाली कुठल्या निकषांवर माणसं निवडते ते ग्रामसभेला कळावं. महाराष्ट्राला यात नवखं काही नाही. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ चा, आपल्या राज्याचा त्याच्याही आधी २००२ चा. देशाच्या कायद्यात कलम ४ मध्येच अशी तरतूद आहे की प्रशासकीय निर्णयाची कारणं ज्याला त्याची झळ बसते त्याला खात्याने आपणहून द्यायची. वीस वर्षं ही ओळ कायद्यात आहे. ‘अपात्र’ एवढाच शब्द लिहिलेला संदेश मोबाइलवर पाठवणारं प्रत्येक कार्यालय ती मोडत आहे.

म्हणून या दिवाळीच्या शुभेच्छांसोबत वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात, आळीत, शेतावर कामाला येणाऱ्यांत कुणाचं रेशन, निवृत्तिवेतन किंवा अनुदान कारण न सांगता थांबलं असेल, तर त्यांना कारणं मागणारा अर्ज लिहून द्या, आणि पोच घ्यायला त्यांच्याबरोबर तहसील कचेरीत जा. अर्जाची आणि आलेल्या उत्तराची प्रत आम्हाला पाठवा. येत्या वर्षभरात आम्ही त्या छापत राहू. अर्जदाराचं नाव त्याने होकार दिला तरच येईल, कार्यालयाचं मात्र प्रत्येक वेळी येईल.

— संपादक