दुबई की रियाध? पगाराचा आकडा सारखा, पण हातात राहणारा पैसा वेगळा

एक ऑफर दुबईची, सहा हजार दिरहम. दुसरी रियाधची, सहा हजार रियाल. कोणती घ्यावी? रत्नागिरी-रायगडपासून भिवंडी-मालेगावपर्यंत आपल्या अनेक घरांत हा प्रश्न येतो. बहुतेक वेळा रक्कम रुपयांत मोडली जाते आणि तिथंच निर्णय होतो. रिश्ता ठरवतानाही मुलाचा हाच आकडा सांगितला जातो. आम्हाला वाटतं, खरा हिशोब त्या आकड्यानंतर सुरू होतो.

आधी चलन पाहू. दोन्ही चलनं डॉलरला बांधलेली आहेत. एका डॉलरला ३.६७२५ दिरहम आणि ३.७५ रियाल. म्हणजे १०० दिरहमचे सुमारे १०२ रियाल होतात. फरक किरकोळ. पगारावर आयकर दोन्ही देशांत नाही. मग फरक पडतो कुठे?

पहिला फरक व्हॅटचा. २०१८ च्या जानेवारीत दोन्ही देशांनी ५ टक्के व्हॅट लावला. अमिरातीत तो आजही तेवढाच आहे. सौदीने मात्र जुलै २०२० मध्ये तो थेट १५ टक्क्यांवर नेला. राहत्या घराच्या भाड्यावर व्हॅट नाही, पण किराणा, कपडे, मोबाईल यांवर आहे. महिन्याला दोन हजारांची खरेदी केली तर अमिरातीत १०० कर जातो, सौदीत ३००.

दुसरा फरक मोठा आहे आणि तो फक्त कुटुंबवाल्यांना लागतो. सौदीने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या बायको-मुलांवर दरडोई फी लावली. सुरुवातीला महिन्याला १०० रियाल होती, दरवर्षी वाढत २०२० मध्ये ती ४०० झाली. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल. सहा हजारांच्या पगारातला पाचवा हिस्सा इथेच गेला. त्या वर्षांत कित्येक कुटुंबं गावी परतली. बाप तिकडे, मुलं इकडे आणि पाचवी-सहावीच्या वर्गात अचानक मराठी शिकायची वेळ. हे आम्ही शाळेत जवळून पाहिलं आहे.

अमिरातीत अशी मासिक फी नाही. चार हजार दिरहम पगार असेल, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय, तर कुटुंब नेता येतं. पण तिथे घरभाडं पगार खातं. भाडं वर्षाचं ठरतं आणि ते आगाऊ चेकने द्यावं लागतं. शिवाय दुबईत वार्षिक भाड्याच्या ५ टक्के हाऊसिंग फी लाईट-पाण्याच्या बिलात येते. म्हणून कितीतरी लोक शारजात राहून रोज दुबईला जातात. रियाधही आता स्वस्त राहिलेलं नाही. तिथली भाडी एवढी वाढली की सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने पाच वर्षांसाठी भाडेवाढ गोठवली.

सौदीच्या बाजूनेही गोष्टी आहेत. तिथे बायको-मुलांचा आरोग्य विमा कंपनीने काढायचा असतो. दुबईत कंपनीची जबाबदारी कामगारापुरती, घरच्यांचा विमा आपला आपण. जेद्दात नोकरी असेल तर तासाभराच्या वाटेवर मक्का आहे. ही गोष्ट पैशात मोजता येत नाही.

नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी तर कोणी विचारतच नाही. अमिरातीत ती फक्त बेसिकवर मिळते: पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. सौदीत ठरलेले भत्ते धरून: पहिली पाच वर्षं दरवर्षी अर्धा महिना, पुढे पूर्ण महिना. पगार सहा हजार, त्यात बेसिक तीन हजार आणि नोकरी सहा वर्षं झाली असं धरू. अमिरातीत १३,५०० दिरहम होतात आणि सौदीत २१,००० रियाल. पण सौदीत स्वतः राजीनामा दिला तर दोन-तृतीयांश, म्हणजे १४,०००. दहा वर्षं झाल्यावरच राजीनाम्यानंतरही पूर्ण रक्कम मिळते. अमिरातीत राजीनाम्यामुळे कपात होत नाही.

मग निर्णय कसा करायचा? मुलगा एकटा जात असेल, खोली कंपनीची असेल आणि बरीच वर्षं टिकायचा विचार असेल, तर सौदीची ऑफर कमी समजू नये. कुटुंबासह जायचं आणि घर कंपनी देत असेल, तर एवढ्याच पगारात अमिरातीत जास्त पैसे उरतील. घर कंपनीचं नसेल, तर सहा हजारांत चौघांचा संसार दोन्हीकडे ओढाताणीचा आहे.

म्हणून सही करण्याआधी एजंटला तीन गोष्टी विचारा आणि करारात लिहून घ्या: बेसिक किती, घर कोणाचं, आणि बायको-मुलांची फी व विमा कोण भरणार. तोंडी आश्वासनावर दागिने मोडू नका. मुलाचा पगार किती आहे हे सगळेच विचारतात. महिनाअखेरीस त्यातून किती उरणार आणि त्याची मुलं त्याच्याजवळ राहणार की नाही, हेही विचारायला हवं.