अंगठा वर की खाली?

सबमिशनची आदली रात्र. निम्मं होस्टेल जर्नल्स पूर्ण करण्यात गुंग आणि उरलेलं निम्मं आमच्या रूममध्ये! पंधरा-सोळा जण, एक लॅपटॉप आणि स्क्रीनवर 'ग्लॅडिएटर'. रिडली स्कॉटचा २००० सालचा हा सिनेमा आमच्यापैकी बहुतेकांनी तीन-चारदा तरी पाहिलेला. तरीही मॅक्झिमस आखाड्यात उतरला आणि "मार! मार!" असा गलका सुरू झालाच. शेवटी रेक्टर सरांनी दार वाजवलं, तेव्हा कुठे आम्ही गप्प बसलो.

सिनेमा संपल्यावर नेहमीचा वाद. एक पार्टी म्हणते, "काय जबरदस्त हिस्टरी आहे यार!" दुसरी म्हणते, "कसली हिस्टरी? सगळं खोटं. टाइमपास म्हणून बघ आणि सोडून दे." मी आधी पहिल्या पार्टीत होतो. मग चार पुस्तकं चाळली आणि दुसरीत गेलो. गेल्या मे महिन्यात मात्र चार दिवस रोमला जायचा योग आला (ताई जर्मनीत नोकरीला आहे, तिची कृपा!) आणि आता मी दोन्ही पार्ट्यांचा राजीनामा दिलाय. का, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी दुसऱ्या पार्टीचं ऐकू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहेच. मॅक्झिमस नावाचा हा सेनापती कधी झालाच नाही, तो पटकथा लिहिणाऱ्यांचा. सम्राट मार्कस ऑरेलियस इ.स. १८० मध्ये वारला हे खरं. पण सिनेमात मुलगा कमोडस त्याचा जीव घेतो, त्याला पुरावा नाही. उलट बापाने त्याला १७७ सालीच सहसम्राट केलं होतं. कमोडस पुढे बारा वर्षं राज्य करून १९२ मध्ये मेला, आणि तोही आखाड्यात नाही, तर एका पैलवानाने गळा दाबल्यामुळे. गंमत म्हणजे सम्राट असून तो स्वतः आखाड्यात उतरायचा, ही सर्वांत अशक्य वाटणारी गोष्ट मात्र खरी आहे! २०२४ साली आलेल्या दुसऱ्या भागात तर कोलोसियममध्ये पाणी भरून शार्क सोडलेत. पाणी भरून नौकायुद्धाचे खेळ केल्याचं जुन्या रोमन लेखकांनी लिहून ठेवलंय. शार्क मात्र दिग्दर्शकाचे.

आता पहिली पार्टी. मला सांगा, हे सिनेमे नसते तर आपल्यापैकी किती जण रोम आणि ग्रीसच्या वाटेला गेले असते? दहावीचा पेपर दिला आणि इतिहासाला रामराम ठोकला, अशीच आपली सगळ्यांची कथा. कोलोसियमच्या रांगेत मी उभा राहिलो तो रसेल क्रोमुळे, कुठल्या धड्यामुळे नाही. हे कबूल करायला लाज कसली?

तर कोलोसियम. व्हेस्पेशियन सम्राटाने इ.स. ७२ च्या सुमारास काम सुरू केलं आणि त्याचा मुलगा टायटस याने ८० साली उद्घाटन केलं. लंबवर्तुळाची लांबी १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर, उंची साधारण ४८ मीटर. अंदाजे पन्नास हजार प्रेक्षक बसायचे. तळमजल्यावर ८० कमानी, त्यांतल्या ७६ वर नंबर कोरलेले. त्यातले काही नंबर आजही वाचता येतात. आपण मॅचला जाताना तिकिटावरचा गेट नंबर शोधतो ना, अगदी तसंच! भिंतींना जागोजागी भोकं दिसतात. दगड एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी क्लॅम्प होत्या, त्या मध्ययुगात लोकांनी उपसून नेल्या.

पण मी थबकलो ते आत गेल्यावर. सिनेमात ज्या वाळूवर लढाई होते, ती जमीनच आता नाहीये. वाळूखालचा लाकडी फळ्यांचा मजला केव्हाच नाहीसा झाला, एका टोकाला थोडासा पुन्हा बांधलाय. त्यामुळे वरून बघितलं की थेट तळघर दिसतं. अरुंद बोळ, खोल्या, भिंतींतल्या उभ्या खाचा. सिनेमात वाघ जमिनीतून अचानक वर येतात आणि आपण शिट्ट्या मारतो. ते वर कसे येतात हा प्रश्न मला, तीन वर्षं इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माणसाला, एकदाही पडला नव्हता!

"काय रे, एकदम गप्प का झालास?" ताईने विचारलं.

"ताई, ही लिफ्ट ओढायचं कोण?"

"माणसंच. गुलाम. दुसरं कोण ओढणार?"

तेलाच्या घाण्याला बैल जुंपतात, तशी माणसं एका उभ्या खांबाभोवती गोल फिरायची. खांबाला दोर गुंडाळला जायचा आणि पिंजरा वर सरकायचा. उजेड दिव्यांचा, डोक्यावर पन्नास हजार लोकांचा आरडाओरडा. आणि मी कुठे उभा होतो? प्रेक्षकांच्या बाजूला. होस्टेलच्या रूममध्ये "मार! मार!" ओरडलो होतो, त्याच बाजूला. मॅक्झिमस त्या प्रेक्षकांवर चिडून तलवार भिरकावतो, तो प्रसंग आठवला. आम्ही त्यावरही टाळ्याच वाजवल्या होत्या! खरं सांगतो, कसंतरीच झालं.

माझं म्हणणं इथेच आहे. सिनेमा खोटा असतो ही त्याची मोठी खोड नाही. तारखा नंतर दुरुस्त करता येतात. मोठी खोड ही की तो आपल्याला कायम वरच्या मजल्यावर बसवतो. नाव असलेली माणसं दाखवतो आणि खाली दोर ओढणारी गाळून टाकतो.

ग्रीसचंच घ्या. '३००' हा सिनेमा आपल्या होस्टेलचा राष्ट्रीय चित्रपट म्हणायला हरकत नाही. इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत लिओनायडस राजा आणि त्याचे तीनशे स्पार्टन इराणच्या अफाट फौजेला भिडले. बरोबर. पण सुरुवातीला ग्रीकांची एकूण फौज काही हजारांची होती, आणि शेवटच्या दिवशी स्पार्टनांच्या जोडीला थेस्पिया या लहानशा नगराचे सातशे जण स्वखुशीने थांबले आणि मेले, असं हिरोडोटसने लिहून ठेवलंय. सातशे! तीनशेंच्या दुपटीहून जास्त. शिवाय स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या त्याच स्पार्टाची शेती हेलट नावाचे गुलामासारखे राबणारे लोक करायचे. सिनेमात त्यांचा पत्ता नाही.

आणि हा सिनेमा जवळजवळ सगळा कॅनडात, मॉन्ट्रिअलच्या स्टुडिओत शूट झालाय. खरी खिंड आज ओळखूही येत नाही. नदीच्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे हटलाय आणि शेजारून हमरस्ता जातो. तिथे लिओनायडसचा पुतळा १९५५ मध्ये उभा राहिला. थेस्पियाच्या लोकांचं स्मारक व्हायला १९९७ साल उजाडलं. म्हणजे जागेवर जाणाऱ्याला दोन स्मारकं भेटतात, सिनेमा बघून थांबणाऱ्याला एकच.

रोममधला पँथिऑनही असाच. हेड्रियन सम्राटाच्या काळात, इ.स. १२६ च्या सुमारास पुरा झालेला. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि आत लोखंडाची एक सळई नाही! वर जाताना काँक्रीटची जाडी कमी करत नेली, आणि खडीही हलकी होत होत माथ्याशी ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड वापरला. सळई नसलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात दुसरा नाही. रोमन काँक्रीटमधले चुन्याचे खडे बारीक भेगा आपोआप बुजवायला मदत करतात, असं एमआयटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं. आणि दर्शनी भागावर नाव कोणाचं? अग्रिप्पाचं, ज्याने त्या जागी आधीची इमारत बांधली होती. हा घुमट कोणी डिझाइन केला, याबद्दल आजही खात्रीने नाव घेता येत नाही. आपल्या धंद्याची ही जुनीच रीत दिसते!

"बाबा रे, तुझी ताई जर्मनीत आहे. आम्ही मेसचं बिल भरतानाच मरतो," असं तुम्ही म्हणणार. मान्य. मग कोल्हापूरला जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती सापडली. ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. कार्ल्याला पावसाळ्यात आपण सगळेच जातो आणि फोटो काढतो. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांचे लेख आहेत, ते किती जणांनी पाहिले? आणि इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत आपल्याकडची हस्तिदंती मूर्ती निघाली, ती नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल तिकडे आणि तिकडचा इकडे येत होता. कोणीतरी ती जहाजं भरत होतं, उतरवत होतं. त्यांच्यावरही सिनेमा नाहीच.

आखाड्यातला सम्राट अंगठा खाली करतो, ते दृश्य रिडली स्कॉटला जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रावरून सुचलं. प्रत्यक्षात रोमन लोक अंगठा वर करायचे, खाली करायचे की आणखी काही, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. माझं विचाराल, तर सिनेमाला माझा अंगठा वरच. जरूर बघा, पुन्हा पुन्हा बघा. फक्त वाघ वर आला की शिट्टी मारण्याआधी एकदा विचारा, खाली दोर कोण ओढतंय?

आणि हो, पुढच्या वेळी लावाल तेव्हा मला बोलवायला विसरू नका. जर्नल राहिलं तरी चालेल!