बेनामी जाहिरात

जाहिरातीशी आमचे वैर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. व्यापाऱ्याने आपला माल विकावा, त्यासाठी दवंडी पिटावी, पैसे मोजून वेळ विकत घ्यावा आणि त्या वेळात आपल्या साबणाचे पोवाडे खुशाल गावेत. विविध भारतीवर हा व्यवहार १९६७ साली सुरू झाला आणि दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ रोजी. कार्यक्रम थांबला व दुकान उघडले, हे त्या काळी लहान मुलासही कळत असे. कोणी तेवढ्यात उठून पाणी पिऊन येई, कोणी चुलीवरचे दूध पाहून येई. आमचा आक्षेप आहे तो दुकान उघडल्याची वर्दी न देता माल विकणाऱ्या जाहिरातीवर.

शासकीय सेवेत ज्यांची हयात गेली त्यांना ‘बेनामी’ हा शब्द चांगला परिचित असतो. दस्तावर नाव एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि लाभही त्या दुसऱ्याचाच! मोबदला घेऊन मालिकेच्या वा चित्रपटाच्या प्रसंगात घुसविलेली वस्तू याच जातीची होय. संवादाच्या दस्तावर नाव असते प्रेमळ सासूबाईंचे, पैसा मात्र कारखानदाराचा. अशा जाहिरातीला बेनामी जाहिरात याहून अधिक समर्पक नाव आम्हांस सुचत नाही.

हिंदी चित्रपटाने या व्यवहाराची सवय आपल्याला हळूहळू लावली. ‘ताल’मध्ये (१९९९) नायक-नायिकेच्या हळव्या प्रसंगात कोका-कोलाची बाटली मध्यस्थ झाली. ‘यादें’मध्ये (२००१) त्याच पेयाच्या जोडीला मुखवासाची पुडी आणि सायकलीही आल्या. ‘कोई... मिल गया’मध्ये (२००३) बोर्नव्हिटा आला. ‘बागबान’ (२००३) ही मुलांनी अव्हेरलेल्या वृद्ध आईबापांची कहाणी. तिच्यातही एका बँकेचे व एका चहाचे नाव ठसठशीत दिसावे अशी तजवीज होती. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतील पाण्यालाही गिऱ्हाईक मिळाले म्हणावयाचे!

पुढे वस्तू दाखवून भागेना, तेव्हा शब्दच विकावयास काढले गेले. २००८ साली इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. चेंडू सीमेपार भिरकावला की समालोचक ‘षटकार’ म्हणेनासा झाला; त्याने एका बांधकाम कंपनीच्या नावाने ‘डीएलएफ मॅक्झिमम’ म्हणावयाचे, असा दंडक पडला. फलंदाजाचा पराक्रम पाहून ज्या मुखातून उत्स्फूर्त उद्गार निघावयाचा, ते मुखच भाड्याने दिले गेले. ज्याला भाषेची चाड आहे त्याने येथे थबकावयास हवे.

महाराष्ट्रातील मराठी माणसापेक्षा आम्हां बाहेरच्यांना ही गोष्ट अधिक जाचते, आणि त्याला कारण आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या घरांतील नातवंडे हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. बाजारात मराठी नाही, कचेरीत नाही, शेजारीही क्वचितच. घराच्या उंबऱ्याबाहेरची मराठी त्यांच्या कानी पडते ती बहुधा मालिकांतूनच. १९९९-२००० च्या सुमारास मराठी वाहिन्या सुरू झाल्या तेव्हा आमच्या वस्त्यांत आनंद झाला तो याच कारणाने. म्हणूनच मालिकेतील संवादाला आमच्या घरी जवळजवळ पाठ्यपुस्तकाचे मोल आले आहे. त्या पाठ्यपुस्तकात विक्रेत्याने आपली पाने शिवली तर आम्ही स्वस्थ बसावे काय?

आणि ही पाने कोणत्या मराठीत असतात? हळदीकुंकू चालू असते, अन्‌ घरची सून एकाएकी धुण्याच्या पावडरीचे गुण सांगू लागते. दिवाळीच्या भागात आजी फराळाची कृती सांगता सांगता तेलाच्या डब्यावरील मजकूर बोलून दाखविते. ती भाषा आजीची नसते. दुसऱ्या भाषेत रचलेल्या मजकुराचे ते ओबडधोबड भाषांतर असते. आजी अशी बोलत नाही, हे आपल्याला समजते. ज्या मुलाने दुसरी मराठी फारशी ऐकलीच नाही त्याला ते कसे समजावे?

यावर दोन युक्तिवाद हमखास पुढे येतात. पहिला असा की, प्रायोजकत्व जुनेच आहे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली गीतमाला दंतमंजनाच्या नावानेच चाले, आणि अमेरिकेतील नभोवाणी-मालिकांना साबणवाल्यांमुळेच ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. मान्य! परंतु ‘बिनाका’ हे नाव कार्यक्रमाच्या माथ्यावर होते. यजमान कोण, हे श्रोत्याला ठाऊक होते. ज्याचे नाव दस्तावर आहे त्यावर बेनामीचा आरोप कोण करील? दुसरा युक्तिवाद असा की, प्रेक्षक सुजाण आहे, त्याला सर्व कळते. कळत असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात ‘या प्रसंगासाठी मोबदला घेतला आहे’ एवढे लिहिण्यास अडचण कसली? लपविण्यातच लाभ आहे म्हणून तर लपविले जाते.

या बाबतीत कायदा मुका नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील सातवा नियम सांगतो की, जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे आणि तिने कार्यक्रमात व्यत्यय आणता कामा नये. त्याच नियमाने २००६ पासून तासाला बारा मिनिटांची मर्यादा घातली आहे. संवादात मुरविलेली जाहिरात या बारा मिनिटांत कोण मोजतो? ९ जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तूची भलामण करणाऱ्याने उत्पादकाशी असलेला आपला हितसंबंध उघड केला पाहिजे. नटीने स्वतःच्या नावाने भलामण केली तर हे बंधन, मग सुनेच्या वेषात केली तर सूट का असावी? ब्रिटनने २८ फेब्रुवारी २०११ पासून अशा जाहिरातींना मुभा दिली. पण कार्यक्रमाच्या आरंभी, अखेरीस व प्रत्येक मध्यंतरानंतर ‘पी’ हे चिन्ह दाखविण्याच्या अटीवर, आणि मुलांचे कार्यक्रम व बातम्या पूर्णपणे वगळून. आपल्याकडे एवढेही होऊ नये?

तेव्हा आमची मागणी माफक आहे. मोबदला घेतलेल्या प्रसंगावर मराठीत ठळक सूचना असावी. तो वेळ बारा मिनिटांत धरला जावा. आणि मुलांच्या कार्यक्रमांत असा व्यवहार मुळीच नसावा. २०२१ च्या दुरुस्तीने प्रेक्षकाला लेखी तक्रारीचा मार्ग दिला आहे. वाहिनीने पंधरा दिवसांत निर्णय कळवावयाचा, आणि समाधान न झाल्यास पुढे वाहिन्यांच्या स्वनियामक मंडळाकडे अपील करता येते. आमच्यासारख्या निवृत्तांजवळ वेळ आहे, आणि अर्ज लिहिण्याचा सराव तर आयुष्यभराचा. मालिकेचे नाव, दिनांक, वेळ आणि वस्तूचे नाव टिपून प्रत्येक सभासदाने एक अर्ज धाडावा. शंभर अर्जांची फाईल दप्तरी दाखल झाली की तिच्यावर कोणाला ना कोणाला शेरा मारावाच लागतो, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.