ससाण्यांची वाट आणि मोजणीचा प्रश्न

मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविली. त्यांपैकी ‘अपापांग’ या नराने ७६ तासांत सुमारे ३,१०० किलोमीटर अंतर कापले आणि भारताची रुंदी ओलांडून अरबी समुद्र गाठला. ‘अलंग’ या मादीने महाराष्ट्रात जेमतेम तीन तास विसावा घेतला. दीडशे ग्रॅम वजनाच्या आसपासच्या या पाखरांच्या प्रवासाने देशभर कौतुक मिळविले आणि ते रास्तच होते. मात्र यंत्र लावलेल्या तीन पक्ष्यांवरून वाट कळते, संख्या कळत नाही.

संख्येचे महत्त्व नागालँडने दाखवून दिले आहे. २०१२ च्या हिवाळ्यापूर्वी दोयांग जलाशयाच्या परिसरात जाळी लावून एक लाखाहून अधिक अमूर ससाणे मारले गेल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला. आकडा समोर येताच शासन, चर्च आणि ग्रामसभा हलल्या, आणि पुढच्याच वर्षी तेथील शिकार थांबली.

जॉर्जियातील बातुमी येथे काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यातून दर शरद ऋतूत दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात. तेथे २००८ पासून स्वयंसेवक टेकड्यांवर बसून हंगामभर मोजणी करतात. नेपाळमध्ये हिमालयाच्या कडेने जाणाऱ्या गरुडांचीही अशी गणना झाली आहे. भूगोलाने पक्ष्यांना एका वाटेत कोंबले की मोजणाऱ्याचे काम सोपे होते.

छत्तीसगडच्या मैदानात ही सोय नाही. भिलाईतील रिसालीच्या एखाद्या गच्चीवर दुर्बीण घेऊन बसणाऱ्याला दिवसभरात बहुधा घारीच मोजाव्या लागतील, कारण सपाट प्रदेशावरून पक्षी विखरून जातात आणि उन्हाने तापलेल्या हवेच्या झोतावर फार उंच चढतात. शेजारच्या बेमेतरा जिल्ह्यातील गिधवा-परसदा पाणथळीवर पाणपक्षी निदान एका जागी सापडतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. शिकारी पक्ष्यांच्या वाट्याला मात्र इतकी जुनी, देशव्यापी शिस्त आलेली नाही.

अपवाद भोवत्यांचा. हे पक्षी हिवाळ्यात गवताळ माळावर सायंकाळी जमिनीवरच रात्रीच्या मुक्कामाला एकत्र उतरतात. त्यामुळे अंधार पडण्यापूर्वीचा तास-दीड तास नीट बसले तर ते मोजता येतात. गुजरातेतील वेळावदर येथे अशी मोजणी झाली आहे आणि पूर्वीच्या मानाने तेथील संख्या घटल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालानेही शिकारी पक्षी आणि माळरानांवरील पक्षी यांच्या घसरणीकडे लक्ष वेधले होते.

येथे प्रश्न महसुली दप्तरापर्यंत पोहोचतो. माळरान बहुतेकदा ‘पडीक’ म्हणून नोंदले जाते. सौर प्रकल्प, लागवड वा वसाहत यांना ते मोकळे वाटते, आणि तेथे किती भोवत्या रात्री उतरत होत्या याची नोंद नसेल तर हरकत कशाच्या आधारावर घ्यावी? भारताने स्थलांतरित शिकारी पक्ष्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर २०१६ मध्ये स्वाक्षरी केली आहे. पण चार महिन्यांच्या हंगामी मोजणीसाठी माणसे नेमणे, त्यांना प्रवासखर्च व मानधन देणे आणि तेच ठिकाण, तीच वेळ दहा-दहा वर्षे न बदलणे, हे काम स्वाक्षरीने होत नाही. आजही ते बहुतांशी हौशी पक्षिनिरीक्षकांच्या सुट्टीच्या दिवसांवर चालते.